कार्डातली छायाचित्रे कुठे जातात?

सहलीहून परतल्यावर शाळेच्या कॅमेऱ्यातले कार्ड आम्ही संगणकाला लावले. पडद्यावर एवढेच: ‘कार्ड फॉरमॅट करा.’ दोनशे छायाचित्रे गेली असेच सर्वांना वाटले.

अशा कार्डात (ही फ्लॅश स्मृती तोशिबा कंपनीच्या फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये मांडली) कोट्यवधी सूक्ष्म कप्पे असतात. विद्युतरोधक थरांच्या वेढ्यात इलेक्ट्रॉन अडकवले की नोंद झाली. वीज गेली तरी ती वर्षानुवर्षे टिकते. कोणते छायाचित्र कोणत्या कप्प्यांत आहे याची यादी मात्र कार्डावर वेगळ्या जागी असते. लिहिणे चालू असतानाच कार्ड काढले तर बहुधा ही यादीच बिघडते. ग्रंथालयाची सूची फाटली म्हणून पुस्तके थोडीच नाहीशी होतात!

जेपीईजी छायाचित्राचे पहिले दोन बाइट नेहमी २५५ आणि २१६ असतात. ही खूण हुडकत संगणकाची आज्ञावली यादीशिवायही छायाचित्रे शोधून काढते. (कार्डातली चिपच निकामी झाली असेल, तर हा मार्ग उरत नाही.)

आमची बहुतेक छायाचित्रे अशीच परत मिळाली. अकरा मिळाली नाहीत. मधल्या वेळात एका उत्साही विद्यार्थ्याने कॅमेऱ्यातच कार्ड फॉरमॅट करून मैदानाची अकरा नवी छायाचित्रे घेतली होती. फॉरमॅटने फक्त यादी कोरी झाली होती. जुन्या नोंदींच्या जागी बसले ते मैदान.