अमेरिकेतल्या घरांखाली बुरशी का येते? हवा खेळती ठेवली तरी ओल वाढते कशी?

घर स्वच्छ आहे, छत गळत नाही, तरी पावसाळी कपड्यांसारखा कुबट वास येतोय. अमेरिकेच्या आग्नेय भागात, म्हणजे नॉर्थ कॅरोलायना, जॉर्जिया अशा राज्यांत राहणाऱ्या अनेकांची ही तक्रार असते. कारण बहुतेकदा पायाखाली असतं.

क्रॉल स्पेस म्हणजे काय?

तिथली बरीच घरं थेट जमिनीवर नसतात. घराची लाकडी फरशी आणि खालची माती यांच्यात दोन-चार फुटांची पोकळी असते. आत रांगतच जावं लागतं, म्हणून नाव 'क्रॉल स्पेस'. पाण्याचे पाइप आणि एसीचे डक्ट अनेकदा इथूनच जातात.

मग ओल येते कुठून?

एक तर उघड्या मातीतून वाफ सतत वर येत राहते. दुसरं, पोकळी कोरडी राहावी म्हणून भिंतींत ठेवलेले झरोके. जुन्या नियमानुसार दर १५० चौरस फुटांमागे १ चौरस फूट झरोका लागायचा. हेतू चांगला होता, पण दमट उन्हाळ्यात उलटंच होतं.

थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो ना? तसंच. बाहेर ३२ अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता असेल, तर ती हवा साधारण २३ अंशांच्या खाली गेली की पाणी सोडते. घराखालचे एसीचे डक्ट त्याहून बरेच थंड असतात. झरोक्यातून आलेली हवा त्यांच्यावर थेंब सोडते आणि आसपासचं लाकूड ओल धरतं. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या वर राहिला, तर बुरशीनंतर ते कुजायलाही लागू शकतं.

घरात राहणाऱ्यांना काय त्रास?

गरम हवा घराच्या वरच्या भागातून बाहेर पडते आणि तिची जागा घ्यायला खालची हवा फटींतून आत येते. सोबत बुरशीचे सूक्ष्म कण येतात. अ‍ॅलर्जी किंवा दमा असलेल्यांना त्याचा जास्त त्रास होतो.

उपाय काय?

क्रम महत्त्वाचा आहे.

१. आधी पाणी थांबवा. पन्हळीचं पाणी पायापासून लांब सोडा, गळके पाइप दुरुस्त करा.
२. मातीवर जाड प्लास्टिक अंथरा. जोड एकमेकांवर चढवून चिकटवा.
३. मगच झरोके बंद करा आणि आतली हवा कोरडी ठेवायला डिह्युमिडिफायर लावा.

ओल तशीच ठेवून झरोके बुजवले, तर पाणी आतच कोंडतं. आत गॅसवर चालणारा हीटर असेल किंवा परिसरात रेडॉन वायूचा धोका असेल, तर तज्ज्ञांना विचारल्याशिवाय काहीही बंद करू नका.

नॉर्थ कॅरोलायनातल्या प्रिन्सव्हिलमध्ये १२ घरांवर झालेल्या अभ्यासात बंद क्रॉल स्पेस जास्त कोरडे राहिले. शिवाय घर गरम-थंड ठेवायला लागणारी ऊर्जा सरासरी १५ टक्के किंवा त्याहून अधिक वाचली. आता तिथले बांधकाम नियमही बंद क्रॉल स्पेसला परवानगी देतात.

तुमच्यापैकी किंवा नात्यात कुणी तिकडे घर घेत असेल, तर एवढं नक्की सांगा: तपासणी करणाऱ्याला घराखाली रांगत जायला सांगा आणि फोटो मागा. नवा रंग भिंती झाकतो, खालचं लाकूड नाही.