नेम

“बंदूक आपले काम नव्हे,” मित्र म्हणाला. आमच्या मंडणगडकडे बंदूक म्हणजे रानडुकराची शिकार! तरी मी त्याला एन.सी.सी.त ओढलेच. शिबिरात समजावले : नळी सदैव लक्ष्याकडे, पालथे पडून दस्ता खांद्याशी घट्ट, अर्धा श्वास सोडून थांबायचे, चाप ओढायचा नाही, हळूहळू दाबायचा. हिसका बसला की गोळी भरकटते.

त्याच्या पहिल्या गोळ्या कागदालाही लागल्या नाहीत. तो खट्टू झाला. मी स्वप्नील कुसाळेंविषयी सांगितले : राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचे, तेव्हा रेल्वेत तिकीट तपासनीस असलेले, १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक!

त्याची शेवटची गोळी कागदाच्या कडेला लागली. घरात पहिल्यांदाच कॉलेज पाहणाऱ्या आम्हा दोघांना तेवढे भोक पुष्कळ वाटले.