तंगूस आणि वेणीदोर

कुंभकोणमपासून थोड्याच अंतरावर इन्नंबूर नावाचे खेडे आहे. तेथील शिवालयातील देवास तमिळ भाषेत ‘एळुत्तरिनादर’ म्हणतात. अक्षरे जाणणारा नाथ, असा त्या नावाचा अर्थ. मुलाला शाळेत घालण्यापूर्वी आईबाप त्याला या देवापुढे आणतात. सर टी. माधवराव यांच्यासारखा मुत्सद्दी ज्या कुंभकोणमच्या मराठी घराण्यात १८२८ साली जन्मास आला, त्या कुंभकोणमच्या परिसरात आजही तंजावरी मराठी बोलणारी कुटुंबे आहेत. इन्नंबूर हे कावेरी आणि कोळ्ळिडम या दोन प्रवाहांमधल्या सखल, भातशेतीच्या पट्ट्यात वसले आहे. १९३४ साली बांधून पुऱ्या झालेल्या मेट्टूर धरणाचे दरवाजे प्रघातानुसार १२ जूनला उघडतात. पाऊसपाण्याने साथ दिली, तर काही दिवसांतच त्रिभुज प्रदेशातील कालव्यांना पाणी खेळू लागते. पाणी आले की मासा येतो, आणि मासा आला की काठावर गळ टाकून बसणारा माणूसही येतो.

या पाण्यातला मानाचा शिकारी मासा म्हणजे मरळ. तमिळमध्ये तिला ‘विराल’ म्हणतात. तेलंगणाने तर तिला राज्यमाशाचा मान दिला आहे. लांबट, नळकांड्यासारखे अंग आणि सापासारखे चपटे डोके असलेल्या या माशाला पाण्यातील प्राणवायू पुरत नाही. कल्ल्यांच्या वरच्या पोकळीत हवा घेण्यासाठी तिला वरचेवर पृष्ठभागावर यावे लागते. त्यामुळे उथळ, गढूळ, गवताने भरलेल्या पाण्यातही ती सुखाने राहते. कमळाच्या पानांखाली किंवा जलपर्णीच्या दाट जाळीत ती दबा धरून बसते आणि वरून बेडूक जाताना दिसला की एकदम झडप घालते. म्हणूनच मरळ गरवणारे लोक आमिष म्हणून जिवंत बेडूक, आणि अलीकडे पोकळ रबरी बेडूक, पानांवरून सरकवीत आणतात.

अमेरिकेत ‘बास’ नावाच्या माशाची शिकार याच रीतीने चालते. मोठ्या तोंडाचा बास हा मरळीचा नातेवाईक नव्हे. पण पाणवनस्पतींच्या आडोशाला दबा धरण्याची त्याची सवय मरळीसारखीच. म्हणून तेथील गळवाल्यांचा जुना वाद आज आपल्याकडच्या कालव्यांच्या काठीही ऐकू येतो. गळाची दोरी एकाच सलग तंतूची असावी, की अनेक बारीक तंतू वेणीसारखे गुंफून केलेली असावी? प्रश्न दिसायला किरकोळ आहे. परंतु गळाला लागलेला मासा हाती येतो की तोंडात गळ आणि मागे हातभर दोरी घेऊन निसटतो, हे पुष्कळदा याच निवडीवर ठरते.

गळाच्या दोरीचा विचार आपल्या देशाला नवा नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. मराठीच्या अभ्यासकांना तो त्यातील जुन्या मराठी पद्यांमुळे परिचित आहे. त्याच ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ हे मासे गरवण्याच्या करमणुकीवरचे स्वतंत्र प्रकरण आहे. पुढे इंग्रजी अमदानीत मद्रास इलाख्यातील मुलकी अधिकारी हेन्री सलिव्हन टॉमस यांनी १८७३ साली ‘द रॉड इन इंडिया’ आणि १८८७ साली तळ्यांतील मासेमारीवर ‘टँक अँगलिंग इन इंडिया’ अशी दोन पुस्तके लिहिली. त्या काळी सुती, तागी अथवा रेशमी धाग्यांची गुंफलेली दोरी वापरीत. तिच्या टोकाला रेशमाच्या किड्याच्या ग्रंथीतून ताणून काढलेली पारदर्शक तात जोडीत. ही तात जेमतेम हातभर लांब मिळे, आणि वापरण्यापूर्वी ती पाण्यात भिजवून मऊ करावी लागे. गुंफलेली दोरी वापरून झाल्यावर वाळविली नाही, तर ती कुजे.

१९३५ साली अमेरिकेतील ड्यू पाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरोदर्स यांनी नायलॉन तयार केले, आणि १९३८ साली ते जगापुढे आले. वितळलेले नायलॉन बारीक छिद्रातून काढून ताणले की हवा तेवढा लांब, सलग आणि नितळ तंतू मिळतो. तो कुजत नाही आणि स्वस्तही पडतो. त्यामुळे जुन्या दोऱ्या आणि रेशमी तात हळूहळू मागे पडल्या. कोकणच्या किनाऱ्यावर या तंतूला ‘तंगूस’ म्हणतात, आणि तमिळ किनाऱ्यावर त्याचेच नाव ‘तंगूसी’ आहे. मलायी भाषेतील ‘तंगसी’ हा शब्दही गळाच्या दोरीचाच वाचक आहे. समुद्राच्या व्यापाराबरोबर शब्दही बंदरोबंदरी कसे फिरतात, याचा हा एक लहानसा पुरावा म्हणता येईल.

वेणीच्या दोरीचे पुनरागमन मात्र बरेच उशिरा झाले. नेदरलँड्समधील डीएसएम कंपनीत पॉल स्मिथ आणि पिएट लेमस्ट्रा यांनी १९७९ च्या सुमारास पॉलिइथिलीनपासून अतिशय बळकट तंतू काढण्याची रीत सिद्ध केली. पॉलिइथिलीन म्हणजे ज्याच्या साध्या पिशव्या होतात तोच पदार्थ. या रीतीत मात्र त्याचे फार लांब साखळ्यांचे रेणू घेऊन, ते द्रावकात विरघळवून, ताणून एकाच दिशेला सरळ केले जातात. अस्ताव्यस्त पडलेल्या काथ्या एकत्र ओढून दोर वळावा, तसाच हा प्रकार. अशा केसाहून बारीक तंतूंच्या चार किंवा आठ पदरांची वेणी घालून केलेली दोरी १९९० नंतरच्या दशकात गळवाल्यांच्या हाती आली.

आता या दोहोंचे गुणधर्म शेजारी ठेवून पाहावेत. पहिला गुण ताणाचा. नायलॉनचा तंतू तुटण्यापूर्वी आपल्या लांबीच्या पाचव्या हिश्शाइतका, कधी त्याहूनही अधिक, ताणला जातो. वेणीदोर शंभरात तीन-चार भागांपलीकडे ताणत नाही. वीस मीटर अंतरावर मरळीने बेडूक गिळला आणि माणसाने काठीला झटका दिला, तर तंगुसात त्या झटक्याचा बराचसा भाग दोरी ताणण्यातच खर्च होतो. वेणीदोर तो जवळजवळ जसाच्या तसा गळापर्यंत पोहोचविते. मरळीचा जबडा हाडाळ आणि कठीण असल्याने हा फरक मोलाचा ठरतो. उलट, काठाजवळ आलेल्या माशाने अवचित उसळी मारली, तर तंगुसाची लवचीकता तो हिसका पचविते. वेणीदोरीवर मात्र त्याच हिसक्याने जबड्याची जखम रुंदावून गळ सुटू शकतो.

दुसरा गुण जाडीचा. साधारण साडेतेरा किलोचा भार सोसणारी वेणीदोर जाडीने साडेतीन किलो भार सोसणाऱ्या तंगुसाएवढीच असते. बारीक दोरी वाऱ्याला आणि पाण्याला कमी अडते, रिळावर अधिक मावते आणि दूर फेकता येते. शिवाय ताण पडला की ती कमळाचे देठ आणि जलपर्णीची मुळे करवतीसारखी कापीत जाते. तंगूस त्याच जाळीत गुंतून बसते. तिसरा गुण वजनाचा. पॉलिइथिलीन पाण्याहून हलके असल्याने वेणीदोर तरंगते आणि पृष्ठभागावरच्या बेडकाला खाली ओढीत नाही. नायलॉन पाण्याहून किंचित जड असल्याने सावकाश बुडते. नायलॉन पाणी शोषून थोडे दुबळे होते आणि उन्हात दीर्घकाळ पडले तर ठिसूळ बनते. पॉलिइथिलीन पाणी शोषीत नाही.

मग वेणीदोरच सर्वत्र श्रेष्ठ, असे म्हणावे काय? तसे नाही. नितळ पाण्यात तिचा अपारदर्शक रंग उठून दिसतो, तर तंगूस बरेचसे झाकले जाते. खडकावर, शिंपल्यांवर किंवा पुलाच्या काँक्रीटवर घासली गेली तर तिचे बारीक तंतू एकेक करून तुटतात. तंगुसाचा जाड, गुळगुळीत अंगरखा तेथे अधिक काळ टिकतो. कोळ्ळिडमच्या मुखाशी मिळणारा ‘कोडुवा’, म्हणजेच रायगडच्या खाड्यांतील सुप्रसिद्ध जिताडा, याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड धारदार असते. त्याच्यापुढे नुसती वेणीदोर बांधून जाणे म्हणजे तोट्यास आमंत्रण. म्हणून जाणते गळवाले दोहोंचा मेळ घालतात. मुख्य दोरी वेणीची ठेवतात, आणि गळाजवळ दीड-दोन हात जाड तंगूस जोडतात.

इन्नंबूरसारख्या ठिकाणी याचा व्यवहारातला निष्कर्ष असा निघतो. जलपर्णीने भरलेल्या, गढूळ कालव्यात मरळ गरवावयाची असेल, तर पंचवीस किलोच्या आसपास भार सोसणारी वेणीदोर घ्यावी. येथे पाणीच गढूळ असल्याने मासा दोरी पाहून बिचकत नाही, म्हणून पुढे तंगूस नसले तरी चालते. नदीच्या उघड्या, स्वच्छ पात्रात लहान मासे गरवावयाचे असतील, तर साधे तंगूस पुरेसे असते. खर्च कमी, गाठ सोपी, आणि नवशिक्याच्या हातून झालेली चूकही ते सांभाळून घेते.

गाठीविषयी दोन शब्द आवश्यक आहेत. वेणीदोर निसरडी असल्याने तंगुसाच्या नेहमीच्या गाठी तिच्यावर सरकतात. तिला दोरी दुहेरी करून बांधावयाची ‘पालोमर’ गाठ चांगली. रिळावरही ती एकसंध फिरते, म्हणून रिळाच्या तळाशी आधी थोडे तंगूस गुंडाळावे. कोणतीही गाठ आवळण्यापूर्वी ती ओली करावी. कारण घर्षणाच्या उष्णतेने दोरी गाठीपाशीच दुबळी होते. वेणीदोर अडकली असता ती हाताला गुंडाळून कधीही ओढू नये. ती सुरीसारखी बोटे कापते. ती एखाद्या काठीला गुंडाळून ओढावी.

निवडीचा एक भाग गळवाल्याच्या लाभाचा नसून पाण्यातल्या जिवांचा आहे. जाळीत अडकून तुटलेली दोरी, मग ती कोणतीही असो, कुजत नाही. नायलॉनच्या ज्या गुणाने जुन्या रेशमी दोरीला मागे सारले, तोच गुण येथे उणा ठरतो. कालव्यात पडून राहिलेल्या दोरीत बगळे, पाणकोंबड्या आणि कासवे पाय अडकून मरतात. जागेला न शोभणारी, दुबळी दोरी घेणारा माणूस केवळ आपला मासा गमावीत नाही. तो तोंडात गळ असलेली मरळ आणि पाण्यात तुटकी दोरी अशा दोन आपत्ती मागे ठेवून जातो. तुटलेला तुकडा उचलून, बारीक कापून घरी नेणे, एवढे तरी प्रत्येकाच्या हातात आहे.

आणखी एक संयम मरळीच्या बाबतीत पाळावा लागतो. मरळ आपल्या पिलांची राखण करते. पाण्यावर तांबूस रंगाच्या पिलांचा थवा उसळताना दिसला, की त्याखाली आईबाप असणार हे गळवाल्याला ठाऊक असते. त्या वेळी बेडूक टाकला तर ती खाण्यासाठी नव्हे, पिलांच्या रक्षणासाठी झडप घालते आणि हमखास सापडते. पण तिला काढून घेतले, की तो सारा थवा इतर माशांच्या तोंडी जातो. येथे दोरी कितीही बळकट असली तरी तिचा उपयोग न करणे, हीच खरी निवड होय. तो थवा मोठा झाला तरच पुढल्या वर्षी, मेट्टूरचे पाणी पुन्हा कालव्याला आले, की कमळाच्या पानांखाली मरळ असेल.