हौशी क्लबाचा ताळेबंद

दिवाळीत लक्ष्मीपूजनाला व्यापारी नव्या वहीवर गंधाक्षता वाहतो. पण त्याआधी जुन्या वहीचा हिशेब त्याला मिटवावा लागतो. कुणाचे देणे राहिले, कुणाकडून येणे आहे, हे एकदा डोळ्यांखालून घातल्यावाचून नवे पान उघडत नाही. क्रिकेटच्या हौशी क्लबाचीही अशी एक वही असते. तिला गुणपुस्तक म्हणतात, आणि तिचा हिशेब मिटवण्याचा दिवस म्हणजे हंगामअखेरचा बक्षीस समारंभ.

नागपुरात क्रिकेटचा हंगाम पावसाळा सरल्यावर रंगात येतो आणि उन्हाळा डोक्यावर आला की आटोपू लागतो. २३ मे २०१३ रोजी जिथे पारा ४७.९ अंशांवर चढला, त्या गावात खेळ केव्हा थांबवायचा हे पंचांगाला विचारावे लागत नाही! मग एखाद्या शाळेच्या वर्गात, नाहीतर मैदानाच्या कडेला शामियान्याखाली खुर्च्या मांडल्या जातात. टेबलावर पांढरी चादर अंथरून तिच्यावर लहानमोठे कप ओळीने ठेवले जातात. तर्री-पोहे आणि चहा यांची वर्दी जाते, आणि चिटणीस घसा साफ करून वार्षिक अहवाल वाचू लागतो. वर्तमानपत्रात या समारंभाला चार ओळी मिळाल्या तर नशीब समजायचे. तरीही आमचे म्हणणे असे आहे की, गावाचे क्रिकेट जगते ते या चार ओळींच्या समारंभावर. म्हणूनच तिथले कप कुणाला आणि कशासाठी द्यायचे, हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही.

प्रतिपक्षाने दिलेले बक्षीस

बक्षिसाची गोष्ट निघाली की नागपूरकराला पहिल्यांदा आठवावेत ते कोट्टारी कनकय्या नायडू. ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी ते नागपुरातच जन्मले, इथल्याच मैदानांवर त्यांचा हात बसला. १९२३ मध्ये होळकर संस्थानाच्या बोलावण्यावरून ते इंदूरला गेले आणि पुढे तिथलेच झाले. १९२६ च्या डिसेंबरात मुंबईच्या जिमखान्यावर हिंदू संघाकडून खेळताना त्यांनी आर्थर गिलिगनच्या एम. सी. सी. संघाविरुद्ध अवघ्या ११६ मिनिटांत १५३ धावा कुटल्या. त्यांत १३ चौकार आणि ११ षटकार होते. या खेळीबद्दल त्यांना चांदीची बॅट भेट मिळाली, आणि ती दिली कुणी? ज्यांची गोलंदाजी त्यांनी फोडून काढली होती, त्याच एम. सी. सी.ने!

पुढे १९३२ साली लॉर्ड्सवर भारताच्या पहिल्यावहिल्या कसोटी संघाचे कर्णधारपद नायडूंकडे आले आणि १९५६ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. आज क्रिकेट नियामक मंडळाचा जीवनगौरव पुरस्कार त्यांच्याच नावाने दिला जातो. १९९४ मध्ये तो प्रथम लाला अमरनाथ यांना मिळाला. म्हणजे भारतीय क्रिकेटमधला सर्वांत मोठा मान एका नागपूरकराच्या नावाने चालतो. पण आम्हाला त्या चांदीच्या बॅटीचे मोल अधिक वाटते. ज्याला आपल्याकडून काही घ्यायचे नाही अशाने दिलेली पावती कधी खोटी नसते. क्लबाच्या बक्षिसालाही हीच कसोटी लावावी. कपाचे नाव पुकारल्यावर ज्याला तो मिळाला नाही त्यानेही मनापासून टाळी वाजवली, तर निवड बरोबर झाली असे खुशाल समजावे.

सरासरीचे गणित

आता ही निवड होते कशी? बहुतेकांचा समज असा की, गुणपुस्तक उघडावे, आकडे पाहावेत आणि कप देऊन मोकळे व्हावे. इतके सोपे असते तर समारंभाच्या आदल्या रात्री कार्यकारिणीची बैठक बारा वाजेपर्यंत चालली नसती.

फलंदाजाची सरासरी काढताना एकूण धावांना डावांच्या संख्येने भागत नाहीत. तो जितक्या वेळा बाद झाला त्या संख्येने भागतात. डॉन ब्रॅडमन यांनी कसोटीत ८० डावांत ६९९६ धावा केल्या आणि १० वेळा ते नाबाद राहिले. म्हणून भागायचे ते ७० ने, आणि उत्तर येते ते जगप्रसिद्ध ९९.९४. इथवर सगळे ठीक आहे. पण हाच नियम क्लबात लावून पाहा. समजा, एका गड्याने हंगामभर १२ डाव खेळून, दर वेळी बाद होऊन, ४२० धावा केल्या. त्याची सरासरी झाली ३५. दुसरा गडी सवडीने पाच सामन्यांना आला, सहाव्या-सातव्या क्रमांकावर खेळला, तीनदा नाबाद राहिला आणि त्याच्या धावा झाल्या १४०. त्याची सरासरी ७०! आता कप कुणाला? गणित म्हणते दुसऱ्याला. बारा रविवार नवा चेंडू अंगावर घेणारा पहिला गडी मात्र त्या टेबलाकडे पाहत काय म्हणत असेल, ते सांगायला नकोच.

गोलंदाजीचेही तेच. कुणी दोन दुबळ्या संघांविरुद्ध नऊ बळी दहा-दहा धावांत मिळवतो, आणि कुणी सबंध हंगाम वाऱ्याविरुद्ध टाकत तीस बळी पंधरा-पंधरा धावांना घेतो. मग बक्षिसाच्या वेळी मागल्या रांगेतून आवाज येतो, "दादा, बळी त माहेच जास्त हायत ना!" आणि दादांना उत्तर सुचत नाही.

यावर उपाय जुनाच आहे. किमान किती डाव, किमान किती षटके, हे हंगाम सुरू होण्यापूर्वी ठरवून फलकावर लावावे. नियम आधी लिहिला की तो सर्वांचा असतो. आकडे पाहून मग लिहिला की तो कुणातरी एकाचा होतो.

आणि तरीही दोघांचे पारडे सारखे ठरले तर? तर नागपूरनेच घालून दिलेला धडा आठवावा. ३१ ऑक्टोबर १९८७, म्हणजे योगायोगाने नायडूंचा जन्मदिवस. विश्वचषक स्पर्धेत भारत आणि न्यूझीलंड यांचा सामना सिव्हिल लाइन्समधल्या मैदानावर झाला. चेतन शर्माने लागोपाठ तीन चेंडूंवर तिघांचे त्रिफळे उडवले. विश्वचषकातली ती पहिली हॅट्‌ट्रिक. मग सुनील गावसकरांनी ८८ चेंडूंत नाबाद १०३ धावा फटकावल्या. एकदिवसीय सामन्यांतले त्यांचे ते एकुलते एक शतक. सामनावीर कोण? निवड करणाऱ्यांनी बक्षीस दोघांना विभागून दिले, आणि त्याने दोघांपैकी कुणाचाही मान उणावला नाही. क्लबाच्या चिटणीसाने एक जादा कप आणला तर खजिनदाराने कुरकुर करू नये.

जे वहीत लिहिले जात नाही

परंतु खरी अडचण आकड्यांची नाहीच. गुणपुस्तकात झेल टिपला जातो, सुटलेला झेल टिपला जात नाही. अडवलेला चौकारही टिपला जात नाही. यष्टिरक्षकाने उन्हात दिवसभर काढलेल्या उठाबशा कोणत्या रकान्यात मांडायच्या? आणि जो मैदानात उतरतच नाही त्याचे काय? पहाटे येऊन खेळपट्टीवर पाणी मारणारा, रोलर ओढणारा, पॅड-ग्लोव्ह्‌जची पिशवी सायकलवरून आणणारा, अकरावा गडी आला नाही की त्याच्या घरी जाऊन त्याला उठवून आणणारा, आणि ज्याच्या हाताने ते गुणपुस्तक लिहिले जाते तो गुणलेखक! साऱ्यांच्या धावा तो लिहितो. त्याच्या नावापुढे लिहायला मात्र वहीत जागा नसते.

म्हणून शहाण्या क्लबांच्या यादीत उत्कृष्ट फलंदाज आणि उत्कृष्ट गोलंदाज यांच्या जोडीला आणखी दोन कप असतात. एक, वर्षभरात ज्याची सर्वाधिक प्रगती झाली त्या तरुणाला. दुसरा, क्लबाची सेवा करणाऱ्याला. पहिल्या दोहोंना आकडे लागतात, दुसऱ्या दोहोंना डोळे लागतात.

या डोळ्यांची किंमत किती, हे उमेश यादवच्या उदाहरणावरून कळते. नागपूरजवळच्या वलनी गावातल्या कोळसा खाणीत काम करणाऱ्याचा हा मुलगा. विसाव्या वर्षाच्या आसपासपर्यंत तो टेनिसच्या चेंडूनेच खेळला. फौजेत आणि पोलिसांत जाण्याची खटपट करून झाली, ती साधली नाही. महाविद्यालयाच्या संघाचे दार ठोठावले, तर कोणत्याच क्लबाकडून खेळत नाही म्हणून ते उघडले नाही. मग विदर्भ जिमखान्याने त्याला घेतले, हाती खरा चेंडू आला. त्याचा वेग विदर्भाचा त्या वेळचा कर्णधार प्रीतम गंधे याच्या नजरेत भरला, २००८ मध्ये रणजी आणि २०११ मध्ये कसोटी! विदर्भाकडून खेळता खेळता भारताच्या कसोटी संघात पोहोचलेला हा पहिला खेळाडू. तो क्लबात आला त्या दिवशी त्याच्या नावावर कोणती सरासरी होती? कोणतीच नाही. आकडे नसताना माणूस पारखणारे कुणीतरी तिथे होते, एवढेच.

विदर्भ क्रिकेट असोसिएशनच्या गुजदर लीगमध्ये नवनिकेतन, रुबी, रेशीमबाग जिमखाना, अॅडव्होकेट इलेव्हन अशी नावे नागपूरकरांच्या परिचयाची आहेत. रणजी करंडकासाठी विदर्भाचा संघ १९५७-५८ पासून खेळत होता; पहिले अजिंक्यपद मिळायला साठ वर्षे लागली. १ जानेवारी २०१८ रोजी इंदुरात फैज फजलच्या संघाने दिल्लीला नऊ गडी राखून हरवले. ज्या गावाने नागपूरचे नायडू नेले, त्याच गावी नागपूरला करंडक मिळाला! पुढल्याच वर्षी आणि पुन्हा २०२५ मध्ये तो जामठ्याच्या मैदानावर जिंकला गेला. २०२४-२५ च्या त्या हंगामात हर्ष दुबे या फिरकी गोलंदाजाने ६९ बळी घेऊन रणजीच्या एका हंगामातला नवा उच्चांक केला. हे यश पाहताना त्याआधीच्या साठ वर्षांचा विचार करावा. करंडक मिळत नव्हता, तरी कुणीतरी लीगचे सामने भरवत होते, मैदाने राखत होते आणि हंगामअखेर कप वाटत होते. ही परंपरा तुटली असती तर २०१८ उगवले नसते.

कप लहान, देणे मोठे

आज क्लबापुढे संकट आहे ते पैशाच्या तुलनेचे. रणजी विजेत्यांची रक्कम मंडळाने २०२३ मध्ये दोन कोटींवरून पाच कोटी रुपये केली. ते उचितच झाले, कारण खेळावर पोट असणाऱ्याला मोबदला मिळालाच पाहिजे. दिव्यांच्या उजेडातल्या टेनिस-चेंडूच्या स्पर्धांतही रोख बक्षिसे लागतात. मग पोराला वाटते, रविवारभर उन्हात उभे राहून शेवटी हातात काय, तर वीतभर उंचीचा कप!

त्याला सांगावे की, बक्षिसाचा मोठेपणा रकमेवर ठरत नाही, आणि हेही विदर्भानेच दाखवून दिले आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये नागपुरात इराणी करंडकाचा सामना चालू असतानाच पुलवामाचा हल्ला झाला. विदर्भाने करंडक जिंकला आणि बक्षिसाची दहा लाखांची रक्कम हुतात्मा जवानांच्या कुटुंबीयांना देऊन टाकली. रक्कम गेली, मान राहिला.

तेव्हा क्लबांच्या चिटणीसांना आमची विनंती अशी : समारंभ साधा करा, पण टाळू नका. पाहुण्यांचे भाषण दहा मिनिटांत आटपा, आणि अहवाल मात्र सबंध वाचा. त्यात अकराव्या क्रमांकाच्या गड्याचेही नाव येऊ द्या. मुली खेळत असतील तर त्यांचा कप यादीच्या तळाशी ठेवू नका. नागपूरच्या मोना मेश्राम २०१७ च्या विश्वचषकात उपविजेत्या ठरलेल्या भारतीय संघात होत्या, हे ध्यानात असू द्या. खेळाडूंच्या आईवडिलांना बोलवा, कारण पांढरे कपडे दर आठवड्याला धुणारा हात घरात असतो. आणि सेवेचा कप शेवटी द्या, म्हणजे तोवर कुणी उठून जाणार नाही.

तो कप घेऊन जाणारा माणूस बहुधा संकोचाने म्हणतो, "अहो, मी काय केलं?" त्याला उत्तर देण्याच्या भरीस पडू नये. पाऊस उघडला की पहिल्या रविवारी सकाळी रोलरपाशी तोच दिसेल. त्या दिवशी कपाच्या मानकऱ्यांपैकी दोघातिघांनी जाऊन रोलरच्या दांड्याला हात लावला, तर मागल्या हंगामाची बक्षिसे योग्य माणसांना गेली असे म्हणता येईल.