पुराचे चोवीस सेकंद आणि मार्चचा ओढा

ऑगस्ट २००६मध्ये उकाई धरणातून तापीत सोडलेला विसर्ग सुमारे ९ लाख क्युसेकपर्यंत गेला आणि सुरत शहराचा मोठा भाग बुडाला. बातम्यांत क्युसेक हा शब्द इतक्यांदा कानावर पडतो की त्याचा आकार डोळ्यांपुढे येतच नाही. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर. तेव्हा ९ लाख क्युसेक म्हणजे सेकंदाला अडीच कोटी लिटरांहून जास्त. २०११च्या जनगणनेत सुरत शहराची वस्ती ४४.६ लाख होती. माणशी रोज १३५ लिटर धरले तर अख्ख्या शहराला दिवसाला साधारण ६० कोटी लिटर लागतात. पूर शिगेला असताना तेवढं पाणी २४ सेकंदांत समुद्राकडे जात होतं.

आता सुरत जिल्ह्याच्याच दुसऱ्या टोकाला, मांडवी-उमरपाड्याच्या डोंगरउतारावर, मार्च महिन्यातला एखादा लहान ओढा डोळ्यांपुढे आणा. धार सेकंदाला पाच लिटरांची, म्हणजे पंधरा लिटरांची बादली तीन सेकंदांत भरेल एवढी. काठावर पाच हॉर्सपॉवरचा एक पंप. उपसा फार खोल नसेल तर तो सेकंदाला दहा लिटर सहज ओढतो, ओढ्यात येतं त्याच्या दुप्पट. म्हणजे एका शेतकऱ्याने बटण दाबलं की ओढ्याची धार तुटते. उरतात ते डोह.

डोहातल्या माशांचं पुढचं गणित प्राणवायूचं आहे. २० अंश सेल्सिअसला लिटरभर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३५ अंशांना ७ मिलिग्रॅमसुद्धा मावत नाही. वरून येणारी धार थांबली की डोह तापतो, आटतो आणि मासे दाटीने एकाच जागी अडकतात. मरळ हवेतून श्वास घेते, त्यामुळे चिखलातही तग धरते. बाकीच्या बहुतेक माशांना ते जमत नाही. जूनच्या पहिल्या पाण्याला चढणीचे मासे आले की गावोगाव आनंद होतो, पण ओढ्यातले हे मासे उन्हाळाभर कुठल्या ना कुठल्या डोहात जगलेले असतात. मे महिन्यात डोह मेले तर जूनमध्ये चढणार कोण?

पाऊस कमी पडतो म्हणून हे होतं, असं म्हणायला जागा नाही. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. तापीचं खोरं ६५,१४५ चौरस किलोमीटरचं आहे आणि त्यातला जवळपास चार पंचमांश भाग आपल्या महाराष्ट्रात येतो. या खोऱ्यावर सगळीकडे नुसता एक मिलिमीटर पाऊस झाला तर ६,५०० कोटी लिटर पाणी पडतं. वरच्या हिशेबाने सुरत शहराचे ते शंभराहून अधिक दिवस झाले. उधना, लिंबायत, दिंडोलीत राहणाऱ्या खान्देशी कुटुंबांच्या घरी जे तापीचं पाणी येतं, त्यात शहादा, शिंदखेडा, अमळनेरच्या शिवारांवर पडलेला पाऊसही असतो.

सुरत भागात वर्षाला १,२०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. शंभर चौरस मीटरच्या छपरावर म्हणजे १ लाख २० हजार लिटर. सांडलवंड वजा जाता ९६ हजार तरी हाती लागतात. पाच माणसांच्या ग्रामीण घराला, माणशी ५५ लिटरांनी, कोरड्या आठ महिन्यांत ६६ हजार लिटर लागतात. छप्पर पुरून उरतं! अडचण साठवणीची आहे. सुरत-भरूचच्या जुन्या घरांत जमिनीखाली टांका असे आणि पावसाचं पाणी त्यात वर्षभर राही. ही सोय आपण घरातून काढून टाकली, याची मला खरोखर हळहळ वाटते.

शेतीचा आकडा याहून मोठा आहे. ३० बाय ३० मीटर, तीन मीटर खोल, उतरत्या कडांचं शेततळं सुमारे २० लाख लिटर धरतं. त्यातला एक तृतीयांश उन्हाने उडाला आणि जमिनीत मुरला असं धरू. (मुरलेलं सगळं वाया जात नाही, त्यातलं काही झऱ्यांवाटे ओढ्यालाच परत मिळतं.) तरी अशा तीस तळ्यांत जवळपास चार कोटी लिटर उरतात. आपला पाच लिटरांचा ओढा दिवसाला ४ लाख ३२ हजार लिटर वाहतो. भागाकार करा: ९० दिवसांच्या वर. मार्च, एप्रिल, मे मिळून ९२ दिवस होतात. तीस शेततळी म्हणजे त्या ओढ्याचा जवळजवळ अख्खा उन्हाळा; पिकाला तळ्यातलं पाणी दिलं तर ओढ्यावरचा पंप बंद ठेवता येईल.

मात्र तळं पावसानेच भरलं पाहिजे. महाराष्ट्रात कित्येक शेततळी विहिरी-बोअरमधून उपसून भरली जातात. तिथे ओढ्याचं पाणी फक्त वेगळ्या वाटेने जातं. आणि तळं शेतात हवं, ओढ्यात आडवं नको, कारण भिंत माशाला चढता येत नाही. अंडी घालायला समुद्रातून नदीत चढणाऱ्या पाला माशाच्या वाटेत काकरापार १९५४पासून, उकाई १९७२पासून आणि खुद्द सुरतेत सिंगणपोरचा बंधारा १९९५पासून उभा आहे. एका मादीच्या पोटात लाखो अंडी असतात, पण वरची वाट बंद आहे. तो प्रश्न शेततळ्यांनी सुटणार नाही. लहान ओढ्यांचा सुटू शकतो.

साठवलेल्या पाण्यावर भागवून कोरड्या दिवसांत उपसा थांबवणं, हे कॅलिफोर्नियात मॅटोल नदीच्या उगमाकडे करून पाहिलं गेलं आहे. तिथल्या सँक्च्युअरी फॉरेस्ट संस्थेने कोहो सामन माशांसाठी जमीनमालकांना ५० हजार गॅलनच्या, म्हणजे सुमारे १ लाख ९० हजार लिटरांच्या टाक्या दिल्या. त्या ओल्या दिवसांत भरायच्या आणि नदी रोडावली की उपसा बंद ठेवायचा, असा लेखी करार केला.

६ सप्टेंबर २०२४ला सुरतेतून ‘जलसंचय जनभागीदारी’ मोहीम सुरू झाली. गुजरातभर पावसाचं पाणी साठवणाऱ्या सुमारे २४,८०० रचना करण्याचं तेव्हा जाहीर झालं. प्रत्येकीत लाखभर लिटर धरले तर २४८ कोटी लिटर होतात, २००६च्या पुराचं सुमारे दीड मिनिट. नदीपुढे हे थेंबभर आहे, पण मार्चच्या ओढ्यापुढे प्रचंड. म्हणून रचना मोजताना त्यांच्यासोबत एक तारीखही लिहून घ्यावी: तळं भरलं असेल तर १ मार्चपासून पहिल्या पावसापर्यंत ओढ्यावरचा पंप बंद. तीस तळी असतील तर तीस सह्या.