कटकची तारकशी: चांदीच्या तारांचे विणकाम

ओडिशात महानदी आणि काठजोडी या नद्यांच्या बेचक्यात वसलेले कटक शहर चांदीच्या तारकामासाठी, म्हणजेच तारकशीसाठी, प्रसिद्ध आहे. मराठी इतिहासालाही हे शहर परके नाही. १७५१ ते १८०३ या काळात तिथे नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. देवगावच्या तहाने तो प्रांत इंग्रजांकडे गेला.

तारकशीची सुरुवात चांदीच्या ओतीव कांडीपासून होते. पोलादी पट्टीला उतरत्या मापाची भोके असतात. त्यांतून कांडी पुन:पुन्हा ओढली की केसासारखी बारीक तार निघते. अशा दोन तारा तापवून एकत्र पिळतात आणि ठोकून चपट्या करतात. या पिळामुळेच तारेच्या कडेवर दाणेदार चमक येते. मग जाड तारेची चौकट तयार करून तिच्या आत चिमट्याने पाकळ्या, वेली, भोवरे बसवतात. टाकणखार आणि डाखाची पूड टाकून ज्योतीवर हे सगळे सांधले जाते. कारागिराची खरी कसोटी इथे लागते: आच कमी पडली तर सांधा धरत नाही, जास्त झाली तर नक्षीच वितळून जाते.

सगळा भार चौकट पेलते, म्हणून आतली जाळी कितीही नाजूक करता येते. कानातल्या फुलापासून अत्तरदाणी, करंडा, कोणार्कचे चक्र आणि कृष्णार्जुनाच्या रथापर्यंत सगळे याच रीतीने घडते. ओडिसी नर्तिकांचे रुपेरी दागिनेही परंपरेने तारकशीचेच. दसऱ्यात तर या कलेचे भव्य रूप दिसते. दुर्गेच्या मूर्तीमागे चांदीची प्रचंड प्रभावळ उभारतात. तिला ‘चांदी मेढ’ म्हणतात. १९५६ मध्ये चौधरी बाजारातल्या मंडपापासून ही प्रथा सुरू झाली आणि पुढे शहरभर पसरली. मातीची मूर्ती विसर्जित होते, मेढ मात्र पुढच्या वर्षासाठी जपून ठेवतात.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ओडिशातले वकील आणि नेते मधुसूदन दास यांनी ‘ओरिसा आर्ट वेअर्स’ ही संस्था काढून या कारागिरीला बाजारपेठ मिळवून दिली. २०२४ मध्ये तारकशीला भौगोलिक मानांकन लाभले. साच्यातून काढलेल्या स्वस्त नकलांच्या काळात हे मानांकन मोलाचे आहे. पण ही कला खऱ्या अर्थाने टिकेल ती हातकामाची योग्य किंमत मोजणाऱ्या जाणत्या ग्राहकामुळेच.