किती झुकायचं ते वळण ठरवतं

भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीच्या बाजूच्या एखाद्या तलावाच्या पाळीवरून सहा मित्रांच्या सहा गाड्या चालल्या आहेत, अशी कल्पना करा. पुढे साडेतीनशे सीसीची बुलेट, मध्ये एक-दोन पल्सर आणि शेवटी शंभर सीसीची स्प्लेंडर, तीही डबलसीट. डावं वळण येतं आणि एकामागून एक सगळे झुकतात. त्या ठिकाणी सगळ्यांचा वेग सारखा असेल, तर सगळ्यांचा झुकावही जवळपास सारखाच भरतो. बुलेट जड आहे म्हणून जास्त झुकत नाही आणि स्प्लेंडरवर दोघं बसलेत म्हणून तीही कमी झुकत नाही. रुंद टायरमुळे किंवा अंग आत टाकल्यामुळे थोडाफार फरक पडेल, एवढंच.

असं का होतं? वळणावर दुचाकीवर दोन ओढी काम करत असतात. वजन तिला आतल्या बाजूला आडवं पाडू पाहतं आणि वळताना जाणवणारा बाहेरचा जोर तिला उलट्या बाजूला लोटतो. हे दोन्ही जोर एकमेकांना तोलून धरतील अशा कोनात गाडी राहिली, तरच वळण निभतं. वजन दुप्पट केलं की दोन्ही जोर दुप्पट होतात, त्यामुळे हिशेबातून वजन गळूनच जातं. उरतात दोनच गोष्टी : वेग आणि वळणाची त्रिज्या. ३० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ४० किलोमीटरने गेलात तर साधारण २३ अंश झुकावं लागतं. त्याच वळणावर ६० ने गेलात तर ४३ अंश! वेग दीडपट झाला, पण रस्त्याकडून लागणारी पकड सव्वादोनपट झाली, कारण वेगाचा वर्ग होतो.

झुकायचं कसं, हे त्याहून नवलाचं. डावीकडे वळायचं तर हँडल डावीकडे फिरवायचं, असं आपल्याला वाटतं. चालत्या गाडीवर घडतं उलटच. डाव्या मुठीवर आपण नकळत पुढे दाब देतो आणि पुढचं चाक क्षणभर उजवीकडे वळतं. जमिनीला टेकलेला टायर उजवीकडे सरकतो, वरचं वजन मागे राहतं, गाडी डावीकडे कलते आणि मग वळण सुरू होतं. डावीकडे जाण्यासाठी आधी कणभर उजवीकडे जावं लागतं. विमान उडवणाऱ्या राइट बंधूंपैकी विल्बर राइटने ही गोष्ट सायकलवर नेमकी हेरली होती, आणि रोज सायकल चालवणाऱ्यांनाही आपण असं करतो हे ठाऊक नसतं, हेही त्याच्या लक्षात आलं होतं. खात्री करायची असेल तर मोकळ्या, सरळ रस्त्यावर मध्यम वेगात डाव्या मुठीला अगदी हलका दाब देऊन पाहा. गाडी डावीकडेच कलेल.

आता मूळ प्रश्न : वळणाची त्रिज्या कोणी ठरवली? तुमसरच्या उत्तरेला, गायमुख-आंबागडच्या बाजूला, ती सातपुड्याच्या टेकड्यांनी ठरवली. पण भंडारा जिल्ह्याचा मोठा भाग धानाचा, सखल. लाखनी-साकोलीकडे जाणारा महामार्ग सरळसोट धावतो, पण तो सोडून गावांच्या रस्त्याला लागलं की डोंगर नसतानाही वळणं सुरू होतात. याचं कारण पाणी.

या भागात, म्हणजे झाडीपट्टीत, गोंड राजांच्या काळापासून तलाव बांधले गेले. त्या कामात कोहळी समाजाचा हातखंडा होता. उताराची जमीन हेरायची, तीन बाजूंनी चढ असेल तिथे चौथ्या बाजूला मातीची पाळ घालायची, जादा पाण्याला सांडवा ठेवायचा आणि पाळीखालच्या बांध्या, म्हणजे धानाची शेतं, पाटाने भिजवायच्या. ना पंप, ना वीज, पाणी उताराने आपसूक शेतात जातं. पुढे हे तलाव मालगुजारांच्या, म्हणजे गावच्या जमीनदारांच्या ताब्यात होते; मालगुजारी १९५० च्या कायद्याने संपली आणि ते सरकारकडे गेले. लोक आजही त्यांना मामा तलाव म्हणतात : माजी मालगुजारी.

पाळ जमिनीच्या उताराचं ऐकते, म्हणून ती क्वचितच सरळ असते. गावचा रस्ता कुठे पाळीवरून जातो, कुठे तलावाला वळसा घालतो, कुठे बोडी, म्हणजे छोटं तळं, चुकवतो, तर कुठे बांधीच्या धुऱ्याला धरून काटकोनात वळतो. शेकडो वर्षांपूर्वी कुणीतरी इथे उभं राहून पाणी कुठे थांबेल याचा अंदाज घेतला, आणि आज त्या अंदाजाप्रमाणे आपली मोटारसायकल झुकते. या जिल्ह्यात गाडी चालवण्याचा खरा आनंद मला याच गोष्टीत वाटतो.

हेच रस्ते सावध राहायलाही लावतात. टायर रस्त्याला टेकतो तो जेमतेम तळहाताएवढ्या जागेत, आणि तेवढ्या पकडीतच वळणंही भागवायचं असतं आणि ब्रेकही. वळणाच्या मधोमध जोरात ब्रेक दाबला की दोन्हींना पकड पुरत नाही आणि चाक निसटतं. म्हणून वेग वळणाआधीच, गाडी झुकायच्या आत, सरळ असतानाच उतरवायचा. रोवणीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या चाकांतून सांडलेला चिखल डांबरावर पसरलेला असतो. कापणीनंतर रस्त्यावर धान वाळत असतं, तणस पडलेली असते. तणशीवर टायर डांबराला टेकतच नाही. संध्याकाळी गुरं परततात ती नेमकी पाळीवरून. अशा वेळी ३० मीटरच्या वळणावर ४० सुद्धा जास्त होतात.

एकट्याचं गणित इथे संपतं. सहा जणांचं वेगळं असतं. प्रत्येकात दोन सेकंदांचं अंतर ठेवलं, तर पहिला आणि शेवटचा यांच्यात दहा सेकंद पडतात. ताशी ४० च्या वेगात ते अंतर सुमारे १११ मीटर असतं. वळण संपवून पहिल्याने ६० चा वेग धरला की त्याच दहा सेकंदांचे १६७ मीटर होतात. वेळ तीच, पण शेवटच्याला पुढचे लांब पळालेले दिसतात. आपण मागे पडलो असं वाटून तो वळणातच ॲक्सिलरेटर पिळतो. खरं तर तो मागे पडलेलाच नसतो. म्हणून अंतर मीटरमध्ये नव्हे, सेकंदांत मोजायचं : पुढचा ज्या झाडापाशी होता, तिथे आपण दोन सेकंदांनी पोचलो की जागा बरोबर आहे.

मनुष्याच्या प्रतिसादाला लागणारा क्षणही यात भर घालतो. जपानी संशोधकांनी २३० मीटरच्या गोल रस्त्यावर २२ मोटारी एकाच वेगाने चालवायला सांगितल्या होत्या. अडथळा कुठलाच नव्हता, तरी थोड्याच वेळात कोंडी तयार झाली आणि ती मागे-मागे सरकत राहिली. हा प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला. एकाने जरासा वेग कमी केला, मागच्याने थोडा जास्त, त्याच्या मागच्याने आणखी जास्त. मोटारसायकलच्या रांगेतही तसंच होतं. पुढच्याची छोटी चूक मागे जाताना वाढत जाते आणि तिचा सगळा भार शेवटच्यावर येतो.

म्हणून जाणते लोक रांग लावताना सगळ्यात नवख्याला पुढच्याच्या लगेच मागे ठेवतात, आणि शेवटी मुरलेला माणूस. सरळ रस्त्यावर एक डावीकडे, एक उजवीकडे असं चालतात आणि वळणं आली की एका ओळीत येतात, म्हणजे प्रत्येकाला झुकायला पूर्ण लेन मिळते. फाट्यावर मागचा आरशात दिसेपर्यंत पुढचा थांबतो. एवढं पाळलं तर कुणाला पाठलाग करावा लागत नाही.

पुढच्या वेळी वैनगंगेवरचा कारध्याचा पूल ओलांडून कोक्याच्या जंगलाकडे निघालात, तर शेवटची जागा मागून घ्या. पुढे असताना फक्त रस्ता दिसतो. शेवटून सगळे मित्र एकामागून एक झुकताना दिसतात, प्रत्येक जण त्याच जागी, त्याच कोनात. गाडी कुणाची किती महाग, कोण किती वजनदार, याचा तिथे काही संबंध नसतो. पाळीने जेवढं झुकायला सांगितलं, तेवढंच सगळ्यांना झुकावं लागतं.